दुधाच्या गोंदाचा पंख

अड्यार, मद्रास
३ नोव्हेंबर १९५७

ती. आत्याबाईंच्या चरणी कुमुदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि रव्याचे लाडू एकाच दिवशी पोचले. लाडू होस्टेलातल्या मुलींनी संपवले, पत्र माझ्या वाट्याला आलं. माझ्या मागच्या पत्रातल्या सात चुका तुम्ही लाल शाईने लिहून पाठवल्यात. चोवीस वर्षांची झाले, इंजिनियर झाले, पण तुमच्या वर्गातून काही माझी सुटका होत नाही.

तुम्ही विचारलंत, की मी नक्की करते काय. शेजारच्या मामींना सांगता येईल असं सांगते. आम्ही एक विमान बांधतोय. त्याला इंजिन नाही. मोटारीच्या इंजिनावर फिरणारा एक मोठा रहाट लांब दोर ओढतो, त्या ओढीनं ते वर चढतं. मग दोर सोडून द्यायचा आणि वाऱ्यावर तरंगत खाली यायचं. त्याला ग्लायडर म्हणतात. मुलांना उडायला शिकवायचं ते याच्यावरच. आजवर असली विमानं बाहेरून येत. हे पहिलं, ज्याचं लाकूड हिमालयातलं आणि हात आमचे. आमचे प्रमुख प्रोफेसर नारायणस्वामी यांनी आराखडा केला, आणि सुब्बा आसारी नावाच्या म्हाताऱ्या सुतारांनी नऊ महिने खपून पंख घडवले. माझ्याकडे लाकूड आणि गोंद तपासायचं काम आहे. आठ पुरुषांत मी एकटी, त्यामुळे माझ्या टेबलावर सगळ्यात स्वच्छ कापड असतं.

पुढच्या महिन्यात बारा तारखेला दिल्लीचे अधिकारी येणार आणि त्यांच्यासमोर ते उडणार. उडवणार दत्ताजी. ते आपल्याच तंजावरच्या मराठी लोकांपैकी, दोन पिढ्यांमागे इकडे आलेले, पूर्वी हवाई दलात होते.

आत्याबाई, आता जे लिहिते ते कुणाला वाचून दाखवू नका. पंख आम्ही एप्रिलमध्ये भार टाकून पाहिले होते, तेव्हा ते उत्तम टिकले. पण पंखाचा आतला कणा अनेक पट्ट्या गोंदानं चिकटवून केलेला असतो, आणि तो गोंद दुधाच्या चोथ्यापासून बनतो. त्याच गोंदानं चिकटवलेल्या चाळीस छोट्या पट्ट्या मी पंखांशेजारीच शेडमध्ये टांगून ठेवल्या होत्या. ऐप्पसी महिन्याचा पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले. काल मी त्यांतल्या दहा ओढून पाहिल्या. सहा निम्म्या जोरातच सुटल्या. सांध्यात काळी बुरशी होती.

प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, की पट्ट्या उघड्या होत्या, पंखाला वॉर्निश आहे. मी म्हटलं, पोकळ कण्याच्या आत वॉर्निशचा ब्रश पोचलाय का, हे आता कुणाला दिसणार. ते म्हणाले, दिसत नाही ते बघायचं तर पंख मोडावा लागेल, आणि एका मुलीला शंका आली म्हणून मी नऊ महिन्यांचं काम मोडू का. हे रागावून म्हणाले नाहीत, समजावून म्हणाले. तेच जास्त लागलं.

मी काय करावं ते लवकर कळवा. माया आहेच, ती शब्दांतही यावी.

तुमची,
कुमुद


तंजावर
६ नोव्हेंबर १९५७

चि. कुमुदिनीस राजसबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले, मजकूर कळला. या खेपेस चुका चारच आहेत.

गोंदाचे मला काही कळत नाही. माणसांचे थोडे कळते. तुझे प्रोफेसर वयाने आणि विद्येने मोठे. ज्या जागेवर आजवर एकही बाई बसली नाही, तिथे त्यांनी तुला बसवले. तू एकदा सांगितलेस, त्यांनी ऐकून घेतले, तुझे कर्तव्य झाले. आता हट्ट धरलास आणि पंख धड निघाला, तर लोक तुला हसतीलच, शिवाय उद्या दुसरी कोणी मुलगी दारात उभी राहिली तर तिला तुझे उदाहरण सांगून परत पाठवतील. तुझे वडील असते तर हेच म्हणाले असते. तेव्हा जिभेला आवर घाल, वहीत लिहून ठेव आणि गप्प बस.

पावसात डोके भिजवू नकोस. मिरे घालून रसम करून पी. होस्टेलात करू देत नसतील तर तिथल्या बाईला माझे नाव सांग. ती मला ओळखत नाही, पण सांगून पाहा.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारी,
आत्या


तंजावर
७ नोव्हेंबर १९५७

चि. कुमुदिनीस आशीर्वाद.

काल सकाळी तुला पत्र टाकले. आज हे टाकते आहे. दोन्ही एकदम हाती आली तर कालचे फाडून टाक.

मी शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट, तुझा तेव्हा जन्म व्हायचा होता. वार्षिक समारंभासाठी अंगणात बांबूंचा मोठा मांडव, पंदल, घातला होता. सकाळी मी रांगोळी पाहायला गेले, तर एका खांबाशी बांबू बांधलेला दोर कुजका दिसला. नखाने टोकरला तर तंतू सुटले. मी मुख्याध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, की पंदलवाले तीस वर्षे हेच काम करतात, तुम्ही मुलींची वेणीफणी पाहा. मी वेणीफणी पाहायला गेले. संध्याकाळी वारा सुटला आणि तो कोपरा खाली बसला. माझ्या वर्गातली कनका खाली सापडली. जीव वाचला, पण तिचा उजवा हात पुढे कधी सरळ झाला नाही. तिच्या आईने मला कधी काही विचारले नाही, कारण मला ठाऊक होते हे तिला ठाऊकच नव्हते. आजवर मुख्याध्यापकांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. तुला पहिल्यांदा सांगते आहे.

काल तुलाही तोच उपदेश लिहून लखोटा चिकटवला. मी सांगितले होते, कुमुद. एकदा सांगितले होते. एकदा सांगणे पुरत नाही.

त्या दत्ताजींना बायको-मुले आहेत का, ते तू लिहिले नाहीस. असतील असे धरून चाल. नोकरी गेली तर इथे ये. माझे पेन्शन आहे आणि घराला दोन खोल्या आहेत.

तुझ्या पाठीशी उभी असलेली,
आत्या


अड्यार, मद्रास
२४ नोव्हेंबर १९५७

ती. आत्याबाईंस कुमुदिनीचा सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं नाही, दुसऱ्याच्या आत घडी करून ठेवलंय.

पंख गुरुवारी मोडला. बारा तारखेचं उड्डाण रद्द झालं. प्रोफेसर दिल्लीला गेलेत. आमचा विभाग राहील की बंद होईल, ते ते परतल्यावर कळेल. सुब्बा आसारी माझ्याशी बोलत नाहीत. मी शेडमध्ये गेले की ते रंधा उचलून बाहेर जातात. त्यांचं चूक नाही.

मी बरी आहे, फक्त जास्त लिहायचं त्राण नाही. रागावू नका. रसम करू दिलं नाही.

तुमची,
कुमुद


सैदापेट, मद्रास
२ डिसेंबर १९५७

ती. गं. भा. राजसबाईंस सौ. विजयलक्ष्मी दत्ताजी हिचा नमस्कार. वि. वि.

आपली ओळख नाही. कुमुदिनीकडून पत्ता मागून घेतला, आणि तिनं तो कशाला हवा म्हणून दोनदा विचारलं. तिनं तुम्हाला नीट काही कळवलं नसणार अशी मला खात्री आहे, म्हणून मी कळवते. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात चौदा तारखेला संध्याकाळी ती आमच्याकडे आली. मी कापी दिली. ती माझ्या दोन्ही मुलींकडे बघत बसली आणि कापी गार झाली. मला वाटलं, मुलीला घरची आठवण येतेय. निघताना जिन्यात तिनं पिशवीतून लाकडाची एक पट्टी काढून आमच्या ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, की मी काही सांगत नाही, तुम्ही फक्त दोन्ही टोकं धरून ओढा. ह्यांनी ओढली. ओल्या लखोट्यासारखी ती उघडली.

तोवर हे तिला हसत होते. प्रोफेसरांनी विचारलं तेव्हा, आजच्या आज उडतो म्हणून बसले होते. वैमानिकाला भीती वाटली असं कुणी म्हणायला नको ना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑफिसात गेले आणि सांगितलं, की पंखावर पुन्हा भार टाकल्याशिवाय मी बसणार नाही. प्रोफेसर म्हणाले, पंख धड निघाला तर ह्या सगळ्याची जबाबदारी कोण घेणार. तेव्हा कुमुदिनीनं राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. तारीख तेवढी मोकळी सोडली होती.

एकवीस तारखेला तो पंख उलटा करून भिंतीला अडकवला. उडताना हवा पंखाला खालून वर ढकलते, म्हणून तो उलटा करून वर वाळूच्या गोण्या ठेवतात, असं ह्यांनी सांगितलं. उडताना जास्तीत जास्त जेवढा भार येईल तेवढा तर त्यानं सोसायलाच हवा, वर आणखी निम्मा. पण त्या साध्या भाराच्या दोन तृतीयांशही गोण्या झाल्या नव्हत्या, तोच कापड फाटावं तसा लांब आवाज झाला आणि पंख वाकून खाली आला. लाकूड धड होतं. सांधा पांढरी भुकटी होऊन सुटला होता आणि आत काळं पडलं होतं.

मग प्रोफेसर नारायणस्वामी कुमुदिनीपाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की तुझं बरोबर होतं आणि माझं चूक होतं. तिचा राजीनामा त्यांनी तिच्यासमोर फाडला. त्याच दिवशी दिल्लीला स्वतःच्या सहीनं लिहिलं, की दोष आराखडा करणाऱ्याचा आहे, गोंद मी निवडला. मोठा माणूस आहे.

ती मात्र त्या मोडक्या पंखाशी बसून रडली. हे म्हणाले, की जिंकल्यावर असं रडणारी मुलगी आपण पाहिली नाही.

बारा तारखेला माझे यजमान त्यात बसले असते. मला दोन मुली आहेत. मला याहून जास्त लिहिता येत नाही. पोंगलला तिला आमच्या घरी जेवायला बोलावलंय. तुम्हीही यावं.

आपली न पाहिलेली मुलगी समजावी,
विजयलक्ष्मी


तंजावर
८ डिसेंबर १९५७

चि. कुमुदिनीस आशीर्वाद. वि. वि.

'पंख गुरुवारी मोडला.' तीन शब्दांत सांगण्याजोगी ही गोष्ट होती काय. परीक्षेत असे उत्तर लिहिले असतेस तर मी शून्य दिले असते.

विजयलक्ष्मीबाईंचे पत्र मी तीनदा वाचले. मग शेजारच्या मामींना वाचून दाखवले. मग त्यांनी आपल्या सुनेला बोलावले आणि पुन्हा वाचावे लागले. पंख उलटा का टांगतात ते आता आमच्या सबंध गल्लीला माहीत आहे.

सुतारांचे मनावर घेऊ नकोस. नऊ महिने पोसलेले डोळ्यांसमोर मोडले, त्यांना राग कोणावर तरी काढलाच पाहिजे. त्यांच्यामागे समजूत काढायला जाऊ नकोस. टिकणारा गोंद शोधून त्यांच्या पुढ्यात ठेव, त्यानेच समजूत निघेल. तो शोधून झाल्याशिवाय पोंगलला इथे येऊ नकोस. विजयलक्ष्मीबाईंकडे जेव, आणि कापी गरम असताना पी.

कौतुक लिहिता येत नाही म्हणून रागे भरणारी,
आत्या


अड्यार, मद्रास
१७ ऑगस्ट १९५८

ती. आत्याबाईंस कुमुदिनीचा सा. न. वि. वि.

तीन महिने सविस्तर पत्र नाही म्हणून तुम्ही अबोला धरलात, ते योग्यच. आता सगळं सांगते.

दिल्लीनं विभाग बंद केला नाही, पण एकच वर्ष दिलंय. मुंबईच्या एका कारखान्यातून कृत्रिम राळेचा गोंद आणवला. त्याला बुरशी लागत नाही आणि पाण्यानं तो सुटत नाही. मला वाटलं, सुटले. पण त्याच्या डब्यावरच्या सूचना थंड देशात लिहिलेल्या. तिथे तो तासभर ओला राहतो, आपल्या एप्रिलमध्ये बारा मिनिटांत दगड होतो. पट्ट्या दाबून धरणारे क्लॅम्प आसारी आवळेपर्यंत गोंद वाळलेला असायचा आणि सांधा पोकळ. एकवीस कणे वाया गेले.

मग आम्ही पहाटे चारला काम सुरू करायला लागलो. गोंदाचं भांडं बर्फात ठेवायचं, लाकूड आदल्या दिवशी गार खोलीत हलवायचं, आणि ऊन चढायच्या आत सगळे क्लॅम्प लावून मोकळं व्हायचं. किती गार, किती वेळ, किती दाब, याचे तक्ते मी करत गेले. तीनशे पट्ट्या तोडल्या. हे तक्ते आणखी कुठे मिळणार नाहीत आत्याबाई, कारण आपल्या उन्हासाठी ते कुणी केलेच नव्हते.

जूनमधल्या एका सकाळी सुब्बा आसारी माझ्या टेबलापाशी आले, एक पट्टी उचलली, पायाखाली धरली आणि दोन्ही हातांनी मोडली. सांध्याशेजारचं लाकूड चिरफळलं, सांधा जसाच्या तसा. त्यांनी तो नखानं खरवडून पाहिला. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, अम्मा, उद्या बर्फ थोडा जास्त आणव.

उजवे पंख दोन केलेत. एक उडेल. दुसरा मी शेडच्या उघड्या बाजूला टांगणार आहे, ऐप्पसीचा सगळा पाऊस त्यानं खायचा, मग त्याच्यावर वाळू. ही कल्पना प्रोफेसरांची. म्हणाले, की या खेपेस शंका तुझ्याआधी मी घेतो.

अबोला सोडावा, एवढंच मागणं.

तुमची,
कुमुद


अड्यार, मद्रास
१९ डिसेंबर १९५८

ती. आत्याबाईंस कुमुदिनीचा सा. न. वि. वि.

परवा बुधवारी भार टाकला. या खेपेस तीन शब्दांत लिहीत नाही.

दोन महिने पंखावर पाऊस पडत होता. एकदा तर त्यावर शेवाळ धरलं, ते मी पुसू दिलं नाही. गोण्या कमी पडतील म्हणून दोघांना जॉर्ज टाउनला पाठवून आणखी दोनशे आणवल्या. दिल्लीचे तिघे अधिकारी खुर्च्यांवर, आम्ही उभे. दत्ताजींनी विजयलक्ष्मीअक्कांनाही आणलं होतं. त्यांनी पूर्ण वेळ माझा दंड धरून ठेवला होता, तिथे अजून निळं आहे.

मागच्या वेळी जेवढ्या भारावर पंख फाटला होता, तेवढा भार पुरा करणाऱ्या गोणीवर मी खडूनं फुली केली होती. ती ठेवली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, मिटणार होते. काही झालं नाही. मग पूर्ण भार झाला. पंखाचं टोक हातभर खाली आलं, पण गप्प होतं. मग त्यावर निम्मा आणखी. नियमाप्रमाणे तेवढा भार तीन सेकंद पेलला की झालं. प्रोफेसरांनी घड्याळ धरलं आणि तीन सेकंदांऐवजी तीन मिनिटं कुणाला काही बोलू दिलं नाही. अधिकारी उठून हात पुढे करायला लागले, तर प्रोफेसर म्हणाले, बसा, अजून गोण्या शिल्लक आहेत.

दुपटीला थोडं कमी असताना तो मोडला. तोफेसारखा आवाज. सुब्बा आसारी धावत गेले, गोण्या हातांनी बाजूला फेकल्या आणि मोडलेला कणा उचलून खुर्च्यांपुढे नेऊन धरला. तमिळमध्येच बोलले, दिल्लीच्या लोकांना कळो न कळो. म्हणाले, बघा, झाड मोडलं, आमचा सांधा मोडला नाही. 'आमचा' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. शेडमधले सगळे ओरडले. मी किती ओरडले ते अक्कांना विचारा.

उडायची परवानगी तिथेच, त्याच टेबलावर सही होऊन मिळाली. मी दोन दिवस झोपून काढणार आहे.

आनंदात तुमचा वाटा धरून,
कुमुद


अड्यार, मद्रास
५ फेब्रुवारी १९५९

ती. आत्याबाईंस कुमुदिनीचा सा. न. वि. वि.

पोंगलनंतरचं पहिलं उड्डाण तुम्ही स्वतः पाहिलंत. सहा मिनिटं होती ती, तुम्ही गल्लीत अर्धा तास सांगितलीत असं कळलं. ते असू दे. ते पाहून तुम्ही गेलात, आणि सोमवारी जे झालं ते तुम्हाला पाहायला मिळालं नाही.

मागच्या जागेवर बसून पंख किती लवतो ते मोजायला कुणीतरी हवं होतं. प्रोफेसर म्हणाले, की तिचा पंख आहे, तीच मोजेल. मी साडी खोचून बसले. रहाटानं दोर ओढला आणि जमीन अशी खाली गेली, जशी कुणी चटई ओढून घ्यावी. दोर सुटला आणि एकदम शांत झालं. दहा मिनिटांत उतरायचं होतं. पण पल्लावरमच्या टेकडीचे खडक तापले होते, तिथून गरम हवा वर चढत होती आणि घारी तिच्यावर गोल फिरत होत्या. दत्ताजींनी मान वळवून विचारलं, जायचं का. मी मोजमापाच्या वहीकडे बघून हो म्हटलं.

घारींच्या खाली होतो, मग त्यांच्या बरोबर, मग वर. मला अड्यार नदीचं मुख दिसलं, आणि समुद्र, जो खालून नेहमी उभा वाटतो, तो पसरलेला. मी पंखाकडे बघत होते. तो श्वास घेतल्यासारखा जरा वर जाई, जरा खाली येई. आत कुठला सांधा कुठे आहे, ते मला एकेक माहीत होतं. मला भीती वाटली नाही, आत्याबाई. खूप मोठ्यानं हसले, ते दत्ताजींनी अक्कांना सांगितलं.

बावन्न मिनिटं झाली. परत फिरेपर्यंत घारींची हवा विरली, आणि मैदान गाठण्याइतकी उंची उरली नाही. पेरुंगुडी गावाबाहेर कापणी झालेलं भाताचं शेत दिसलं, तिथे दत्ताजींनी हलकेच उतरवलं. शेतात बायका काम करत होत्या. आधी लांब उभ्या राहिल्या, मग एक म्हातारी पुढे आली आणि तिनं विचारलं, याचं इंजिन कुठाय. नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, मग कशाच्या जोरावर वर होतात. दत्ताजी म्हणाले, हिनं केलेल्या पंखाच्या. म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पंखाखाली हात घालून तो जरा उचलून पाहिला.

रस्ता दोन शेतं पलीकडे होता, आमची लॉरी तिथवरच येऊ शकत होती. आम्ही पंख सोडवले आणि माणसं बोलवावी लागतील असं बोलत होतो, तोवर त्या आठ बायकांनी पदर खोचले, एक पंख खांद्यावर घेतला आणि चालू लागल्या. बांधावरून, पाटावरून, एका ओळीत. मी त्यांच्यामागून पळत, जपून, जपून म्हणत होते. पुढच्या म्हातारीनं मागे न बघता सांगितलं, की घाबरू नको, हा तर भाताच्या भाऱ्याहून हलका आहे.

तुमच्या मायेत वाढलेली,
कुमुद